पाणलोट आणि लाभक्षेत्र

२०२३ च्या जुलैत नारायणगावच्या बाजारात टोमॅटोच्या वीस किलोच्या क्रेटने दोन हजार रुपयांचा टप्पा ओलांडला. जुन्नर तालुक्यातल्या काही शेतकऱ्यांचे एका हंगामातले उत्पन्न कोटींच्या घरात गेल्याच्या बातम्या देशभर झळकल्या. कालव्याचे पाणी, ठिबक, मल्चिंग पेपर, तार-बांबूची मांडणी आणि भाव कोसळलेले आधीचे कितीतरी हंगाम पचवण्याची ताकद, हे सगळे ज्याच्याजवळ होते त्याला तो भाव सापडला. त्याने घाम गाळला होता आणि जोखीमही पत्करली होती.

त्याच नारायणगावात सकाळी मजुरांचा बाजार भरतो. जुन्नरच्या पश्चिम पट्ट्यातून आणि शेजारच्या अकोले तालुक्यातून आलेले आदिवासी स्त्री-पुरुष हातात भाकरीचे फडके आणि खुरपे घेऊन उभे असतात. शेतकरी पिकअप घेऊन येतो. तोडणीला किती माणसे हवीत, बायांना रोज किती, गड्यांना किती, यावर घासाघीस होते. सौदा जमला की गाडी भरते आणि निघते. क्रेटचा भाव दहापट झाला म्हणून रोज दहापट होत नाही. भाव पडला की मात्र तोडणीच थांबते आणि रोज बुडतो.

एकाच बाजारपेठेत ही दोन उत्पन्ने इतकी वेगळी का? पुणे जिल्ह्यातल्या जुन्नर आणि आंबेगाव या शेजारच्या तालुक्यांत याचे उत्तर सर्रास ऐकू येते: पश्चिम भाग मागासलेला आहे, विकास तिकडे अजून पोहोचायचा आहे. या उत्तरात असे गृहीत धरलेले असते की पूर्वभागाचा नंबर आधी लागला, पश्चिमेचाही आज ना उद्या लागेल. गरीब देशांतल्या विषमतेवर गेल्या काही दशकांत जे संशोधन झाले, ते वाचले की हे उत्तर अपुरे वाटू लागते. कारण पूर्वेचे हिरवे शिवार आणि पश्चिमेची ओढगस्त यांच्यामागे बऱ्याच अंशी एकच घटना आहे, आणि ती घटना म्हणजे विकासच.

पाऊस एकीकडे, पाणी दुसरीकडे

या दोन तालुक्यांचा उतार सह्याद्रीच्या कड्यापासून पूर्वेकडे आहे. आहुपे, भीमाशंकर, घाटघर या कड्यालगतच्या गावांवर वर्षाला काही हजार मिलीमीटर पाऊस कोसळतो. तिथून पन्नास-साठ किलोमीटर पूर्वेला बेल्ह्याकडे किंवा लोणी-धामणीकडे गेले की पाऊस पाचसहाशे मिलीमीटरवर येतो. पश्चिमेला महादेव कोळी, ठाकर आणि कातकरी समाजाची वस्ती, भाताची खाचरे, उतारावर नाचणी आणि वरई. पूर्वेला ऊस, कांदा, टोमॅटो, द्राक्ष आणि भाजीपाला. पुणे जिल्ह्यात आदिवासींचे प्रमाण चार टक्क्यांच्याही खाली आहे. या दोन तालुक्यांत मात्र साधारण पाचातला एक माणूस आदिवासी आहे. पश्चिमेकडची बरीच गावे राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीत येतात आणि त्यांच्यासाठी घोडेगावला आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय आहे.

पावसाचे हे पाणी अडवण्यासाठी कुकडी प्रकल्प उभा राहिला. कुकडी नदीवर माणिकडोह आणि येडगाव, मीना नदीवर वडज, आर नदीवर पिंपळगाव जोगे आणि घोड नदीवर डिंभे, अशी ही पाच धरणे. त्यांतले सर्वांत मोठे डिंभे, साठवण सुमारे साडेतेरा टीएमसी. या जलाशयाला आंबेगाव तालुक्याच्याच महाळुंगे पडवळ गावचे हुतात्मा बाबू गेनू यांचे नाव दिले आहे. प्रकल्पाचे पाणी जुन्नर, आंबेगाव, शिरूर, पारनेर, श्रीगोंदा, कर्जत आणि करमाळा अशा सात तालुक्यांना मिळते. तीन जिल्ह्यांतल्या लाखो माणसांच्या घरात या पाण्याने चूल पेटती ठेवली. श्रीगोंद्याच्या किंवा करमाळ्याच्या शेतकऱ्याला या पाण्याचे मोल कुणी समजावून सांगण्याची गरज नाही.

पण धरण बांधायचे म्हणजे खोरे बुडवायचे. ज्या आंबेगाव गावावरून तालुक्याला नाव मिळाले, ते गावच डिंभ्याच्या पाण्याखाली गेले. खोऱ्यात सपाट, चांगल्या मातीची जमीन असते ती नदीकाठी, आणि धरणात पहिल्यांदा बुडते तीच. उरलेली वस्ती वर सरकते, उताराच्या मुरमाड जमिनीवर. कालव्याचे पाणी गुरुत्वाकर्षणाने खाली जाते. जलाशयाच्या वरच्या अंगाला राहणाऱ्याला ते उचलून घ्यावे लागते, आणि त्यासाठी मोटार, पाइप, वीजजोड आणि परवानगी लागते. म्हणून जिथे राज्यातल्या सर्वांत जास्त पाऊस पडणाऱ्या भागांपैकी एक भाग आहे, तिथेच मार्च-एप्रिलमध्ये बायकांना हंडे घेऊन झऱ्यावर रांग लावावी लागते. ‘धरण उशाला, कोरड घशाला’ ही म्हण या भागात अक्षरशः जगली जाते.

धरणांचा हिशेब

एस्थर डुफ्लो आणि रोहिणी पांडे या दोन अर्थतज्ज्ञांनी नेमका हाच हिशेब संपूर्ण भारतासाठी मांडला. त्यांचा ‘डॅम्स’ या दोन अक्षरी नावाचा शोधनिबंध २००७ साली प्रसिद्ध झाला. प्रश्न सरळ होता: मोठ्या सिंचन धरणांनी शेती किती वाढली, गरिबी किती घटली आणि कुणाची?

उत्तर काढणे मात्र अवघड होते. धरण कुठे बांधायचे हे चिठ्ठी टाकून ठरत नाही. ज्या जिल्ह्याचे राजकीय वजन जास्त, ज्याची शेती आधीच बरी, तिथे धरण होण्याची शक्यता जास्त. मग धरणाच्या जिल्ह्यात सुबत्ता दिसली, तर ती धरणामुळे आली की आधीपासूनच होती, हे कसे ओळखायचे? डुफ्लो आणि पांडे यांनी नद्यांच्या उताराचा आधार घेतला. सिंचनाच्या धरणाला मध्यम उतार सोयीचा असतो. अगदी सपाट किंवा फार तीव्र उतारावर ते परवडत नाही. नदीचा उतार निसर्गाने ठरवलेला, त्यात पुढाऱ्याचा हात नाही. त्यामुळे उतारामुळे जिथे धरणे जास्त झाली आणि जिथे कमी झाली, अशा जिल्ह्यांची तुलना केली की धरणाचा स्वतःचा परिणाम वेगळा काढता येतो.

निष्कर्ष असा निघाला. धरणाच्या खालच्या अंगाला असलेल्या जिल्ह्यांत शेतीउत्पादन वाढले, अवर्षणाचा फटका कमी झाला आणि ग्रामीण गरिबी घटली. ज्या जिल्ह्यात धरण बांधले गेले, तिथे मात्र उत्पादनात म्हणण्यासारखी वाढ झाली नाही, त्यातले चढउतार वाढले आणि गरिबीही वाढली. बाजाराने किंवा सरकारने हे नुकसान भरून काढले, असे दिसले नाही. ज्यांना लाभ झाला त्यांच्याकडून घेऊन ज्यांचे बुडाले त्यांना देण्याची सोय कागदावर होती, पण ती अपुरी ठरली.

महाराष्ट्राने तशी सोय कायद्यात करून पाहिली आहे. प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा राज्याने १९७६ साली केला आणि लाभक्षेत्रातल्या मोठ्या खातेदारांकडून जमीन घेऊन धरणग्रस्तांना देण्याचे तत्त्व स्वीकारले. धरणग्रस्तांचा लढा पुणे जिल्ह्याला त्याहूनही जुना आहे. मुळशीच्या शेतकऱ्यांनी सेनापती बापटांच्या साथीने १९२१ मध्येच सत्याग्रह केला होता. पण अशा कायद्यात जमिनीच्या बदल्यात जमीन मोजली जाते. खोऱ्यातल्या कुटुंबाचे पोट सातबाऱ्यावरच्या क्षेत्रावर थोडेच भरते? त्यात नदीतले मासे असतात, जंगलातला हिरडा असतो, गुरांची चराई असते, सरपण असते आणि पेरणी-लावणीला धावून येणारी भावकी असते. यांतल्या कशाचाच उतारा तलाठ्याकडे मिळत नाही, त्यामुळे भरपाईतही ते येत नाही.

डुफ्लो-पांडे यांच्या अभ्यासाचे एकक जिल्हा होते आणि त्यालाही एक मर्यादा आहे. डिंभ्याचे बुडीत क्षेत्र आणि त्याच्या लाभक्षेत्राचा मोठा भाग, दोन्ही पुणे जिल्ह्यातच येतात. जिल्ह्याची आकडेवारी काढली तर एकाचे नुकसान दुसऱ्याच्या नफ्यात बुडून जाते. त्यात पिंपरी-चिंचवडचे कारखाने आणि हिंजवडीच्या कंपन्या मिळवल्या की पुणे हा देशातल्या श्रीमंत जिल्ह्यांत जाऊन बसतो. तालुक्याचीही सरासरी फसवी ठरते. आंबेगावात मंचरची बाजारपेठ आहे, पावसावरच्या बटाट्याचे सातगाव पठार आहे, कोरडे लोणी-धामणी आहे आणि आहुप्याचे डोंगरही आहेत. या चारांची सरासरी त्यांतल्या एकाही ठिकाणचे खरे चित्र सांगत नाही.

मोजणीची पुण्याची परंपरा

माणसाच्या दारापर्यंत जाऊन गरिबी मोजण्याची सुरुवात ज्या मोजक्या ठिकाणी झाली, त्यांत पुणे जिल्हा आहे. पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरॉल्ड मान यांनी पिंपळे सौदागर या गावाची घरोघर पाहणी केली आणि ती १९१७ साली प्रसिद्ध केली. पुढे ना. वि. कानिटकर यांच्यासह त्यांनी जातेगाव बुद्रुकचा तसाच अभ्यास केला. मान यांनी जुनी दप्तरे तपासून दाखवले की पिंपळे सौदागरात १७७१ साली सरासरी धारणा ४० एकर होती, ती १९१४-१५ पर्यंत ७ एकरांवर आली. आज त्याच पिंपळे सौदागरात एकराची भाषा कुणी बोलत नाही, चौरस फुटांची बोलतात.

१९३० मध्ये पुण्यात गोखले अर्थशास्त्र संस्था स्थापन झाली आणि धनंजयराव गाडगीळ तिचे पहिले संचालक झाले. गोदावरी आणि प्रवरा कालव्यांमुळे नगर जिल्ह्यात काय बदलले याची त्यांनी केलेली पाहणी १९४८ साली प्रसिद्ध झाली. सिंचनाचे थेट आणि अप्रत्यक्ष लाभ मोजण्याचा तो देशातला सुरुवातीचा मोठा प्रयत्न. याच संस्थेत वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ साली ‘पॉव्हर्टी इन इंडिया’ हा अभ्यास मांडला. माणसाला रोज २२५० कॅलरी मिळण्याइतका खर्च करता येतो का, ही त्यांची कसोटी होती. १९६०-६१ च्या किमतींनी त्यासाठी खेड्यात महिना माणशी १५ रुपये आणि शहरात साडेबावीस रुपये लागत. या कसोटीवर खेड्यांतली ४० टक्के आणि शहरांतली ५० टक्के माणसे उणी पडली. त्यावर त्यांनी सुचवलेला मुख्य उपाय होता ग्रामीण भागात मोठ्या प्रमाणावर सार्वजनिक कामे काढण्याचा.

त्याच सुमारास वि. स. पागे यांच्या प्रयत्नांतून महाराष्ट्रात रोजगार हमी योजना आकाराला येत होती. १९७२ च्या दुष्काळात तिची कसोटी लागली, १९७७ मध्ये कायदा झाला आणि १९७९ पासून तो लागू झाला. पैसा उभा राहिला तो मुख्यतः शहरांतल्या पगारदारांच्या व्यवसाय करातून. मुंबईच्या कारकुनाच्या पगारातून कापलेले काही रुपये डोंगरातल्या बंडिंगच्या मजुरीत जात होते. उत्पन्नाचे असे फेरवाटप गरीब म्हणवणाऱ्या देशातल्या एका राज्याने कायद्याने केले, याची जगभरच्या अर्थतज्ज्ञांनी नोंद घेतली. २००५ चा केंद्रीय रोजगार हमी कायदा त्याच वाटेवरून आला.

हे सगळे घडत असताना जगाच्या अर्थशास्त्रावर सायमन कुझनेट्स यांच्या एका कल्पनेचा मोठा प्रभाव होता. १९५५ साली त्यांनी असे मांडले की देश शेतीतून उद्योगाकडे जाताना विषमता आधी वाढते आणि मग आपोआप घटू लागते. आपल्या मांडणीत पुरावा पाच टक्के आणि अंदाज पंचाण्णव टक्के आहे, हे कुझनेट्स यांनी स्वतःच प्रामाणिकपणे सांगितले होते. पुढच्या धोरणकर्त्यांनी तो इशारा विसरून अंदाजच नियम म्हणून स्वीकारला. भारतापुरते बोलायचे तर २०२४ साली नितीन कुमार भारती, लुकास शान्सेल, थॉमस पिकेटी आणि अनमोल सोमांची यांनी शंभर वर्षांचे आकडे मांडले. २०२२-२३ मध्ये देशातल्या वरच्या एक टक्का लोकांकडे उत्पन्नाचा २२.६ टक्के आणि संपत्तीचा ४०.१ टक्के वाटा होता. आधी चढून मग उतरणारी ती रेषा भारतात उतरताना दिसत नाही.

निर्णय कुणाच्या हातात

मालमत्ता असमान असली की उत्पन्न असमान होते, हे सांगायला संशोधन लागत नाही. संशोधनाने दाखवले ते पुढचे: मालमत्तेतली विषमता निर्णयाच्या अधिकारात शिरते आणि मग सगळ्यांचाच तोटा करते. याचा एक गाजलेला पुरावा महाराष्ट्राच्या उसात आहे.

अभिजित बॅनर्जी, दिलीप मुखर्जी, कैवान मुन्शी आणि देबराज रे यांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात राज्यातल्या सुमारे शंभर सहकारी साखर कारखान्यांची १९७१ ते १९९३ या काळातली आकडेवारी तपासली. बॅनर्जी यांना पुढे २०१९ मध्ये डुफ्लो आणि मायकेल क्रेमर यांच्यासह अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले.

सहकारी कारखान्यात एका सभासदाला एक मत. अर्ध्या एकरवाल्याचे आणि पन्नास एकरवाल्याचे मत कागदावर सारखेच. प्रत्यक्षात मोठ्या बागायतदाराचा शब्द जड असतो. आता समजा, अशा वजनदार गटाला कारखान्यातून स्वतःकडे जास्त वळवायचे आहे. लहान सभासदाच्या खिशातून थेट पैसे काढता येत नाहीत. मग सगळ्यांनाच उसाचा भाव कमी द्यायचा आणि त्यातून जी शिल्लक राहील तिचा विनियोग आपल्या मर्जीने करायचा. भाव पडल्याने मोठ्याच्या उसालाही कमी पैसे मिळतात, पण शिल्लक त्याच्या ताब्यात असल्याने ते नुकसान भरून निघते. लहानाचे भरून निघत नाही. आकड्यांतून दिसले ते असे की ज्या भागात जमीनधारणेत तफावत जास्त, तिथल्या कारखान्यांनी भाव कमी दिला आणि त्यांची गाळपक्षमताही कमी राहिली. विषमतेने केक असमान कापला गेलाच, शिवाय केकच लहान झाला. विषमता ही प्रगतीची तात्पुरती किंमत आहे, असे मानणाऱ्यांना या अभ्यासाने अडचणीत आणले.

हा अभ्यास राज्यभरच्या कारखान्यांचा होता, एखाद्या तालुक्याचा नव्हे. पण जुन्नरला विघ्नहर आणि आंबेगावला भीमाशंकर हे सहकारी कारखाने असल्यामुळे इथल्या ऊस उत्पादकाला त्यातला प्रत्येक मुद्दा ओळखीचा वाटेल: पहिली उचल किती, अंतिम भाव किती, कपाती कशाच्या आणि वार्षिक सभेत बोलले कोण.

दुसरा पुरावा ग्रामपंचायतीतला. सिवान अँडरसन, पॅट्रिक फ्रँक्वा आणि अशोक कोतवाल यांनी ग्रामीण महाराष्ट्रातल्या शेकडो गावांत आणि हजारो कुटुंबांत पाहणी केली. तिचे निष्कर्ष २०१५ मध्ये आले. निवडणुका खुल्या, मतमोजणी चोख, मतदान भरघोस, सरपंच आरक्षणानुसार, त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीला अभिप्रेत असलेले सगळे काही जागेवर. तरीही ज्या गावांत जमीन मुख्यतः संख्येने कमी असलेल्या मराठा जमीनमालकांच्या हाती होती, तिथे गरिबांसाठीच्या योजना कमी पोहोचल्या आणि मजुरी कमी राहिली. यामागे धाकदपटशा नव्हता. आजारपणाला उसने पैसे, लग्नाला धान्य, अडल्यानडल्याला कामाची हमी, हे सगळे बड्या घराकडून मिळत होते आणि त्याच्या बदल्यात मत जात होते. रोजगार हमीचे काम गावात सुरू झाले तर मजुराला दुसरा आधार मिळतो आणि शेतातली मजुरी वाढवावी लागते. म्हणून ते काम मागायला ग्रामपंचायत उत्सुक नसते. मजुराच्या बाजूने पाहिले तर त्याचा व्यवहार मूर्खपणाचा नाही. संकटात धावून येणारा दुसरा कुणी नसेल, तर आहे तो हात सोडणे परवडत नाही.

हिरडा, मासे आणि खाचरे

पश्चिम पट्ट्यात हीच गोष्ट हिरड्याच्या झाडाखाली दिसते. फेब्रुवारीपासून उन्हाळाभर घरातली लहानथोर माणसे बाळहिरडा गोळा करतात, अंगणात वाळवतात आणि काळा पडला की पोत्यात भरतात. आयुर्वेदिक औषधांसाठी त्याला दूरवर मागणी आहे. भात घरी खायला लागतो. रोख रक्कम हाती येते ती हिरड्यातून. वह्या-पुस्तके, किराणा, दवाखाना आणि खरिपाचे बियाणे, सगळ्याचा मेळ त्यावरच. खरेदीला आदिवासी विकास महामंडळ उतरले तर व्यापाऱ्याला भाव सांभाळावा लागतो. महामंडळ नसेल तर व्यापारी सांगेल तो भाव, कारण पावसाआधी माल घरात ठेवायला कोरडी जागा नसते.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ या डोंगरांवरून गेले आणि हिरड्याची असंख्य झाडे उन्मळून पडली. टोमॅटोचे पीक गेले तर हंगाम जातो. हिरडा उन्मळला तर मालमत्ताच जाते, कारण नवे झाड फळावर यायला वर्षानुवर्षे लागतात. पंचनामे झाले, पण भरपाईचे निकष पिके आणि फळबागा डोळ्यांपुढे ठेवून केलेले. हिरड्याची भरपाई पुढे वर्षानुवर्षे मोर्चांची मागणी होऊन बसली. उत्पन्नातले नुकसान आणि मालमत्तेतले नुकसान यांतला फरक विकासाच्या अर्थशास्त्रात पायाभूत मानला जातो. इथल्या बायका तो पुस्तकाविना समजावून सांगतील.

इथल्याच माळीण गावावर ३० जुलै २०१४ ला दरड कोसळली आणि १५१ माणसे गेली. गाव गेल्याचे पहिल्यांदा लक्षात आले ते एसटीच्या चालकाच्या. नवे माळीण आमडे इथे उभे राहिले आणि २ एप्रिल २०१७ ला लोकांच्या ताब्यात दिले गेले. त्या दुर्घटनेनंतर डोंगरउतारावरच्या सपाटीकरणाबद्दल, विशेषतः यंत्रांनी केलेल्या कामाबद्दल, मोठा वाद झाला. उतारावर शेती करावी लागणाऱ्यांना जोखीम आणि भूक यांतून निवड करावी लागते, हे त्या वादाच्या तळाशी होते.

याच डोंगरांत लोकांनी स्वतःचे मार्गही काढले. त्यांतला एक पडकई. उताराची जमीन खोदून, दगडी ताल रचून भाताचे खाचर तयार करायचे काम एका कुटुंबाच्या आवाक्याबाहेरचे असते. म्हणून दहा-पंधरा घरे एकत्र येतात. आज एकाच्या रानात, उद्या दुसऱ्याच्या, पाळीपाळीने. पैसा हातात नसलेल्या माणसांनी आपल्या श्रमातून कायमची मालमत्ता उभी करण्याची ही रीत. कुसुमताई कर्णिक आणि आनंद कपूर यांच्या ‘शाश्वत’ संस्थेने पडकईला रोजगार हमीची मजुरी मिळावी म्हणून चिकाटीने पाठपुरावा केला आणि पुढे शासनाने पडकईला योजनेचे रूप दिले.

दुसरा मार्ग जलाशयातलाच. डिंभ्याने ज्यांची जमीन बुडवली त्या आदिवासींनी पाणी ओसरल्यावर उघड्या पडणाऱ्या गाळपेर जमिनी कसायला घेतल्या आणि मासेमारीची सहकारी संस्था काढली. मुंबईच्या केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्थेच्या मदतीने जलाशयात पिंजरे लावून त्यात मत्स्यबीज वाढवले गेले. बोटभर झालेली पिल्ले पाण्यात सोडली की जगण्याचे प्रमाण वाढते आणि बीज बाहेरून विकत आणण्याचा खर्च वाचतो. संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाने इक्वेटर पुरस्कार देऊन या कामाची दखल घेतली. पाणी तेच होते, धरणही तेच. बदलले होते एवढेच की जाळे टाकण्याचा हक्क बाहेरच्या ठेकेदाराऐवजी बुडितातल्या माणसांच्या संस्थेकडे आला.

ताळेबंदात न येणारी गावे

डिंभ्याचे पाणी बोगद्याने माणिकडोहकडे नेण्याचा प्रस्ताव गेली काही वर्षे गाजतो आहे. खालच्या तालुक्यांना हक्काचे पाणी पुरेसे मिळत नाही, असे त्यांचे म्हणणे. आंबेगावच्या शेतकऱ्यांना आपले पाणी जाईल अशी भीती. दोन्ही बाजू आवर्तने, टीएमसी आणि हेक्टर यांचे आकडे मांडतात आणि दोन्ही बाजूंच्या चिंता खऱ्या आहेत. मात्र या वादात बोलणारे बहुतेक सगळे लाभक्षेत्रातले आहेत. पाणलोटातल्या गावांना किती पाणी उचलू द्यायचे, गाळपेर किती दिवस उघडी राहणार, जलाशयाची पातळी लवकर उतरली तर मासेमारीचे काय होणार, हे प्रश्न आवर्तनाच्या तारखा ठरतात तेव्हा मेजावर नसतात.

हे प्रश्न मेजावर यायचे तर माहिती हवी, आणि ती जिल्ह्याची चालणार नाही. वाडीनिहाय हवी: उन्हाळ्यात पाणी किती लांबून येते, उचल पाण्याचे परवाने कुणाकडे आहेत, हिरड्याला प्रत्यक्ष काय भाव मिळाला, वर्षातले किती महिने घरातली माणसे नारायणगाव-मंचरला रोजाने असतात, मुले तेव्हा कुठल्या शाळेत असतात. शंभर वर्षांपूर्वी मान आणि कानिटकर यांनी कागद-पेन्सिल घेऊन याच जिल्ह्यात अशा पाहण्या केल्या. १९९६ च्या पेसा कायद्याने आणि २००६ च्या वनहक्क कायद्याने पश्चिम पट्ट्यातल्या ग्रामसभांना आपली साधनसंपत्ती नोंदवण्याचा आणि तिच्याबद्दल निर्णय घेण्याचा अधिकार दिला आहे. बोगद्याचा निर्णय काहीही होवो, त्याआधी डिंभ्याच्या आणि माणिकडोहच्या वरच्या अंगाला असलेल्या प्रत्येक ग्रामसभेकडून ही नोंद मागवून ती प्रकल्पाच्या खर्च-लाभाच्या तक्त्यात घातली गेली पाहिजे.